विमानातील हॅलॉन अग्निशामक व त्याचा पर्याय : मुंबई उपनगराच्या संदर्भात ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
मुंबई उपनगराचा विमान वाहतुकीशी असलेला संबंध जुना आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या धावपट्टीवर उतरले. दुसऱ्या महायुद्धानंतर सांताक्रूझ आणि पुढे अंधेरी पूर्वेकडील सहार असा या वाहतुकीचा विस्तार झाला. या इतिहासात वेग, अंतर व प्रवासीसंख्या यांची नोंद आवर्जून होते. केबिनमधील लहानशा अग्निशामकाची मात्र होत नाही. वास्तविक प्रवाशांचे प्राण आणि पृथ्वीचे ओझोन कवच या दोहोंच्या रक्षणाचा पेच या साधनाच्या इतिहासात सामावलेला आहे.

हॅलॉनचा स्वीकार :
१२ ऑक्टोबर १९७६ रोजी मद्रासकडे निघालेल्या इंडियन एअरलाइन्सच्या कॅराव्हेल विमानाच्या इंजिनात बिघाड होऊन आग लागली. सांताक्रूझला परतताना ते कोसळले व ९५ जणांचा मृत्यू झाला. अशा आगीपुढे हातातील अग्निशामक निष्प्रभ असतो. त्याचे कार्यक्षेत्र केबिन हे आहे. तेथील आगही किती घातक ठरते, हे २ जून १९८३ रोजी एअर कॅनडाच्या विमानातील दुर्घटनेने दाखविले. तीत २३ प्रवासी दगावले. त्यानंतर १९८५ मध्ये अमेरिकेने प्रवासी विमानांत हॅलॉन-१२११ चे अग्निशामक सक्तीचे केले. हा वायू वीजवाहक नाही, मागे अवशेष ठेवत नाही आणि आच्छादनामागे दडलेल्या आगीपर्यंत पोहोचतो. त्यातील ब्रोमीन ज्वलनाची साखळी प्रक्रिया तोडते.

निर्बंधांचा कालखंड :
ज्या १९८५ साली ही सक्ती झाली, त्याच साली अंटार्क्टिकावरील ओझोनच्या ऱ्हासाचा शोध प्रसिद्ध झाला. आग विझविणारे ब्रोमीनच स्थितांबरात पोहोचल्यावर ओझोनचा नाश करते. १९८७ च्या माँट्रियल करारात हॅलॉन-१२११ ची ओझोननाशक क्षमता ३, तर हॅलॉन-१३०१ ची १० धरण्यात आली. विकसित देशांनी १९९४ पासून हॅलॉनचे उत्पादन थांबविले. विकसनशील देशांना २०१० पर्यंत मुदत मिळाली. गरीब देशांना पर्यायी तंत्रज्ञानासाठी अर्थसाहाय्य मिळावे, असा आग्रह भारताने १९९० च्या लंडन बैठकीत धरला. बहुपक्षीय निधीची तरतूद झाल्यानंतर, १९९२ मध्ये, भारत करारात सहभागी झाला. २००० साली ओझोननाशक पदार्थांच्या नियंत्रणाचे नियम देशात लागू झाले.

पर्यायाचा शोध :
इमारतींतून हॅलॉन तुलनेने लवकर हटला. विमानांत तसे घडले नाही. उपलब्ध पर्यायांना अधिक वजन व अधिक जागा लागे, तसेच प्रत्येक पर्यायाला प्रमाणन आवश्यक होते. मधल्या काळात जुन्या साठ्यातून पुनर्प्राप्त केलेल्या हॅलॉनवर भागवावे लागले. त्यात भेसळीचा धोका होता. २००९ मध्ये युरोपात असा दूषित हॅलॉन विमानांच्या अग्निशामकांत आढळला. म्हणजेच साठ्यावरील अवलंबन हाही सुरक्षिततेचाच प्रश्न होता. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने हातातील अग्निशामकांसाठी आधी ठरविलेली २०१६ अखेरची मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०१८ केली. त्या तारखेपासून प्रथमच उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र मिळणाऱ्या विमानांत हॅलॉनचे हे अग्निशामक चालत नाहीत. २-बीटीपी हा त्यावरील पर्याय होय. यातही ब्रोमीन आहे. परंतु हा पदार्थ वातावरणाच्या खालच्या थरातच काही दिवसांत विघटित होतो. त्यामुळे ओझोनला पोहोचणारी हानी अत्यल्प राहते.

समारोप :
हा नियम जुन्या विमानांना लागू नाही. परिणामी सहारच्या एकाच धावपट्टीवरून दोन भिन्न युगांचे अग्निशामक घेऊन विमाने उडू शकतात. करारापासून या मुदतीपर्यंत ३१ वर्षे गेली. हा विलंब केवळ अनास्थेचा नव्हता. केबिनमधील आगीशी तडजोड शक्य नव्हती, हेही त्याचे कारण होते. तथापि सुरक्षिततेच्या नावाने मिळालेली सवलत निश्चित मुदतीविना दीर्घकाळ रेंगाळते, हेही या इतिहासातून स्पष्ट होते. हॅलॉनचा स्वीकार ही तत्कालीन ज्ञानाच्या मर्यादेत घडलेली कृती होती. ज्ञान वाढल्यानंतरचा प्रत्येक विलंब मात्र समाजाच्या जबाबदारीचा भाग ठरतो.