आपल्या परिसराचे हरवलेले धन

गिरडच्या टेकडीवर पाहुणा आला, की दर्ग्याच्या दर्शनासोबत त्याला एक गोष्ट ऐकायला मिळते. ख्वाजा शेख फरीद बाबा येथे वास्तव्य करून असता दोन बंजारे व्यापारी माल लादून या वाटेने चालले होते. त्यांनी बाबांची थट्टा केली, आणि पाहता पाहता गोण्यांतील नारळ व इतर जिन्नस दगडाचे झाले. व्यापारी शरण आले तेव्हा बाबांनी वाळलेल्या पानांपासून त्यांना नवा माल करून दिला. तो पाहून दोघांनी व्यापार सोडला आणि उरलेले आयुष्य येथेच सेवेत घालवले. इंग्रजी अमदानीतील ग्याझेटियरांनीही ही कथा टिपून ठेवली आहे. त्या दगडांविषयी भूगर्भशास्त्र निराळे सांगते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीवर लाव्हारस पसरला, त्याच्या पोकळ्यांत पुढे पाण्यातून खनिजे साचत गेली आणि असे गोल-लांबट खडे तयार झाले. हिंदू असो की मुसलमान, यात्रेकरू मात्र पिढ्यानपिढ्या या दगडांकडे हरवलेल्या मालाची खूण म्हणूनच पाहत आले आहेत.

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी ‘हरवलेले धन’ हा विषय घेताना ही गोष्ट आठवली, कारण धन म्हणजे काय हाच प्रश्न तीत आहे. गुप्तधन म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर मोहरांचा हंडा येतो, त्यावर राखण बसलेला नाग येतो आणि जमिनीतले धन ज्याला दिसते म्हणतात तो पायाळू माणूस येतो. अशा हंड्याच्या आशेने कित्येक जुन्या गढ्यांच्या भिंती उकरल्या गेल्या, देवळांतील मूर्तींखालची जमीन खणली गेली. मोहरा मिळोत न मिळोत, भिंती पडल्या आणि मूर्ती भंगल्या एवढे खरे. ज्या धनाचा पत्ता आपल्या पायाखाली होता ते या नादात नष्ट झाले. असे एक धन आपल्या अगदी शेजारच्या हिंगणघाटचे आहे. ते सुदैवाने वाचले, आणि ते एका स्त्रीच्या नावाचे आहे. म्हणून त्याची हकीकत येथे जरा विस्ताराने सांगते.

पुण्यातील एका तांबट कुटुंबात तांब्याचे दोन जुने पत्रे पिढ्यानपिढ्या जपून ठेवलेले होते. ते घराणे मूळचे अहमदनगरकडचे. विसाव्या शतकाच्या आरंभी संशोधकांनी ते पत्रे वाचले, तेव्हा तो वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिचा दानपट निघाला. राणीने नंदिवर्धन येथून, म्हणजे रामटेकजवळच्या आजच्या नगरधनच्या बाजूने, हे शासन दिले होते. कार्तिक शुद्ध द्वादशीस, भगवंताच्या चरणी निवेदन करून, चनालस्वामी नावाच्या आचार्यांस तिने एक गाव दान दिले. त्या गावाचे नाव दंगुण. ते सुप्रतिष्ठ नावाच्या आहारात, म्हणजे त्या काळच्या जिल्ह्यासारख्या विभागात होते. चारी दिशांच्या चार गावांची नावेही पटात दिली आहेत. पश्चिमेचे विलवणक म्हणजे आजची वणी आणि दंगुण म्हणजे आपले हिंगणघाट, असे संशोधक मानतात.

सोळाशे वर्षांपूर्वीचा हा कागद, किंबहुना तांबे, स्त्रीच्या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. राजपटाच्या आरंभी राजघराण्याची वंशावळ द्यावयाची असा रिवाज. प्रभावतीचे पती दुसरे रुद्रसेन अकाली निवर्तले होते. मुलगा दिवाकरसेन लहान होता, आणि राज्य ती चालवीत होती. मग वंशावळ सासरची यावयास हवी होती. या पटात ती माहेरची आहे. गुप्त सम्राटांची नावे क्रमाने आली आहेत, आणि आपण महाराजाधिराज दुसरे चंद्रगुप्त यांची कन्या, नागकुलातील कुबेरनागेच्या पोटी जन्मलेली, असे ती सांगते. आईचे नावही तिने गाळले नाही. गोत्रदेखील तिने वाकाटकांचे विष्णुवृद्ध न सांगता वडिलांचे धारण हेच सांगितले आहे. अक्षरांचे वळण विदर्भातील इतर वाकाटक पटांच्या पेटिकाशीर्षक लिपीहून वेगळे, उत्तरेकडील आहे. माहेरहून आलेला एखादा लेखक तिच्या कचेरीत असावा, असे त्यावरून वाटते. पटावरील श्लोकात हे शासन ‘युवराजाच्या मातेचे’ म्हटले आहे आणि काल दिला आहे तेरावे वर्ष. म्हणजे निदान तेरा वर्षे या विधवा स्त्रीने मुलाच्या नावे विदर्भाचा कारभार सांभाळला.

या दोन पत्र्यांनी इतिहासाचा एक मोठा गुंताही सोडवला. वऱ्हाडातील चम्मक येथे शेत नांगरताना सापडलेल्या पटासारख्या लेखांत प्रभावतीच्या वडिलांचे नाव देवगुप्त असे येते. त्यावरून फ्लीटसारख्या विद्वानाने त्यांना फार पुढच्या काळातील मगधाचा राजा मानले, आणि त्यामुळे वाकाटकांचा काळ तीनेकशे वर्षे पुढे ढकलला गेला होता. पुण्याच्या पटाने वडिलांचे नाव स्पष्ट चंद्रगुप्त असे दिले, आणि अजिंठ्यातील वाकाटककालीन लेण्यांपासून विदर्भातील मूर्तींपर्यंत सगळ्यांचा काळ ठरवायला पक्का आधार मिळाला. एका आईने आपल्या वडिलांचे नाव नीट लिहून ठेवले, म्हणून हे झाले.

आता क्षणभर असा विचार करा, की ते पत्रे तांबटाच्या घरी होते. ज्यांचा धंदाच तांबे तापवून, ठोकून भांडी घडवण्याचा, त्यांच्या घरी! एखाद्या अडचणीच्या वर्षी कोणी ते मुशीत टाकले असते तर त्यांची चार वाट्या-भांडी झाली असती, आणि हिंगणघाटचे जुने नाव, प्रभावतीची तेरा वर्षे, कुबेरनागेचे नाव हे सारे धुरासोबत गेले असते. लिहिलेले वाचता येत नसतानाही त्या कुटुंबाने ते मोडीत घातले नाही. वडीलधाऱ्यांनी ठेवले आहे, तेव्हा आपणही ठेवावे, एवढ्याच भावनेने ते राखले. इतिहासावर त्या घराचे केवढे उपकार आहेत!

असाच दुसरा पट पूर्वीच्या हिंगणघाट तहसिलीतील जांब येथे मिळाला. तो प्रभावतीचा मुलगा दुसरा प्रवरसेन याचा, राज्याच्या दुसऱ्या वर्षीचा. त्यात दान दिलेल्या कोथुरक गावाच्या सीमा सांगताना उमा नदी येते, ती आपली वणा. मंडुकिग्राम येते, ते मांडगाव. नदीकाठच्या गावाचे नाव इतक्या शतकांनंतरही ओळखू येते आणि दान दिलेले कोथुरक मात्र नावानिशी नाहीसे झालेले असते. केवळ या तांब्याच्या पत्र्यामुळे ते कधीकाळी होते एवढे आपल्याला कळते.

सगळेच धन असे वाचत नाही. नागपूरच्या भोसल्यांचे वैभव कसे गेले ते पाहिले म्हणजे मन विषण्ण होते. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी निपुत्रिक वारले. लॉर्ड डलहौसीने दत्तक मान्य केला नाही आणि १८५४ मध्ये राज्य खालसा केले. त्यानंतर वाड्यातील वस्तू बाहेर काढल्या गेल्या. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीवर लिलावात कवडीमोल गेले, आणि जडजवाहीर विक्रीसाठी कलकत्त्यास रवाना झाले. दुसऱ्या रघूजींच्या पत्नी बांकाबाई तेव्हा वृद्ध होत्या. वाड्यातील सामान हलवाल तर वाड्याला आग लावीन, असे त्यांनी बजावल्याचे इंग्रज इतिहासकार केनेच लिहून ठेवले आहे. १८५८ मध्ये त्या वारल्या. त्यांचा विरोध चालला नाही, परंतु एका म्हाताऱ्या स्त्रीने त्या वेळी ‘नाही’ म्हटले होते, हे विसरून चालणार नाही. सोने वितळवता येते, हिरे खोबणीतून काढून दुसऱ्या दागिन्यात बसवता येतात. म्हणून त्या जवाहिराचा माग काढणे अवघड. कोणत्या राणीच्या गळ्यात कोणता हार होता, तो कोणत्या सणाला घातला जाई, हे सांगणारी माणसे गेली, की दागिना उरला तरी तो मुका होतो.

पण ज्या वस्तूवर नाव कोरलेले असते ती परत बोलू शकते. नागपूरच्या भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघूजी, ज्यांना छत्रपती शाहूंनी सेनासाहेब सुभा हा किताब दिला, त्यांची एक तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सोथबीच्या लिलावात आली. पाते युरोपी बनावटीचे, म्हणजे आपण ज्याला फिरंग म्हणतो त्या जातीचे, आणि त्यावर देवनागरीत सोन्याच्या अक्षरांनी रघूजींचे नाव व किताब. या अक्षरांमुळेच ती ओळखली गेली. महाराष्ट्र शासनाने ४७.१५ लाख रुपयांना ती घेतली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती मुंबईस आणली. नागपूरच्या वाड्यातून गेलेल्या असंख्य वस्तूंपैकी किती परत येतील? फारच थोड्या. शिवाय आपलीच वस्तू आपल्यालाच लिलावात बोली लावून घ्यावी लागली, ही सल राहतेच.

परत आलेल्या धनापेक्षाही मनाला अधिक समाधान देते ते जागच्या जागी सापडलेले धन. वर्धेजवळ पवनार येथे १९३८ मध्ये विनोबाजी राहावयास गेले. तेथे जमीन खणताना राम-भरत भेटीचे शिल्प मिळाले, आणि विनोबाजींनी त्याची तेथेच भक्तिभावाने स्थापना केली. पुढे १९५९ मध्ये त्याच जागी त्यांनी स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केले. पवनार म्हणजे दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर, असे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले, आणि १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठाने तेथे उत्खननही केले. ज्या मातीत प्रभावतीच्या मुलाच्या काळातील शिल्पे गाडली गेली होती, तेथे आज साधक भगिनी शेती करतात, सूत काततात आणि त्या मूर्तींची झाडलोट करतात. कुलुपात ठेवलेल्या हंड्याहून हे धन मला श्रीमंत वाटते.

भगिनींनो, येथवर वाचून कोणी म्हणेल, की आमच्या घरी कुठले ताम्रपट नि कुठल्या फिरंगा! परंतु आपल्या मांडणीवरची जुनी भांडी एकदा उतरवून पाहा. हंड्याच्या गळ्याशी, परातीच्या काठाला, ताटाच्या पाठीवर नाव घातलेले आढळेल. कोणी दिले, कोणाला दिले, लग्नात की बारशाला, साल किंवा तिथी कोणती, एवढे त्या ठिपक्यांच्या अक्षरांत असते. प्रभावतीच्या पटात याहून निराळे काय आहे? दाता, घेणारा, निमित्त आणि तिथी. आपल्या आज्यांपैकी बहुतेकींना लिहिता येत नव्हते, सातबाऱ्यावर त्यांचे नाव चढले नाही, पण माहेरहून आलेल्या पितळी गुंडावर मात्र त्यांचे नाव राहिले. कित्येकींचा तेवढाच एक लेखी पुरावा या जगात शिल्लक आहे. आणि स्टीलची भांडी आली तेव्हापासून आपण हेच गुंड, हेच हंडे वजनावर मोडीत देत आलो. तांबटाच्या घराने जे केले नाही ते आपण आपल्या हाताने करतो.

भांडे जुने झाले, गळू लागले, पैशांची नड आली, तर ते मोडावेच लागेल. गरिबाच्या घरी वस्तूपेक्षा पोटाची सोय मोठी, हे मान्य. तरी मोडण्यापूर्वी त्यावरील अक्षरे वहीत उतरून घेण्यास पैसा लागत नाही. घरात मोडी लिपीतील दस्त, जुनी पोथी, शिक्के असलेली नाणी निघाली, तर भंगारवाल्याला देण्यापूर्वी जाणकाराला दाखवावीत. शेतात, विहिरीच्या खोदकामात मूर्ती किंवा नाण्यांचे मडके सापडले, तर १८७८ च्या निखात-निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांवरील पुराणवस्तू परवान्याशिवाय परदेशी नेता येत नाही. नागपूरचे १८६३ पासूनचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजबबंगला, अशाच वस्तूंनी भरले आहे. वस्तू कुठे, किती खोलवर, कशाशेजारी मिळाली हे सांगणारा माणूस सोबत असेल, तरच तिचा पुरा अर्थ लागतो.

म्हणून आपल्या मंडळाने या वर्षी एक छोटेसे काम हाती घ्यावे असे सुचवावेसे वाटते. एक जाड वही करावी. दर महिन्याच्या बैठकीस प्रत्येक सभासद भगिनीने आपल्या घरच्या एका नाव घातलेल्या भांड्यावरील मजकूर आणावा आणि तो जसाच्या तसा, अशुद्ध असेल तर अशुद्धच, वहीत उतरवावा. ज्या सासूबाईंना, आजेसासूबाईंना त्या नावामागची व्यक्ती आठवते, त्यांच्याकडून दोन ओळी विचारून खाली लिहाव्यात. वर्षभरात गिरडच्या बायकांची, त्यांच्या माहेरच्या गावांची, त्यांच्या लग्नांची एक यादी तयार होईल. ती कोणत्याही ग्याझेटियरात नाही. दंगुणाचे नाव दोन पत्र्यांनी जगवले. आपल्या आज्यांची नावे जगवायला एक वही पुरेशी आहे.