उद्याची गोष्ट कोणत्या भाषेत सांगाल?

वाचकहो, दिवाळीच्या साफसफाईत पुस्तकांचे कपाट आवरताना एक गोष्ट तपासून पाहा. भारतातून येताना कपड्यांच्या घड्यांत जपून आणलेल्या मराठी पुस्तकांत भविष्यकाळाबद्दलचे पुस्तक किती सापडते? ऐतिहासिक कादंबऱ्या असतील, पु. ल. असतील, ज्ञानेश्वरी असेल. परग्रह, यंत्रमानव, जादूची राज्ये मात्र मुलांच्या कप्प्यात असतील, आणि ती डच किंवा इंग्रजीत. मग मुलांचा साहजिकच समज होतो की मराठी ही आजीची आणि शिवाजी महाराजांची भाषा आहे, पुढे काय होणार हे सांगायला दुसरी भाषा लागते. हा समज इतिहासाला धरून नाही. म्हणून हा लेख.

मराठी कादंबरीची पहिली पावलेच मुळी अद्भुताच्या वाटेवर पडली. हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची. पुढे नाथमाधवांच्या ‘वीरधवल’ने कित्येक पिढ्यांची झोप उडवली. चंद्रावर जाण्याचे स्वप्नही आपल्याकडे फार उशिरा आले नाही. कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी दूर कोचीत सुरू केलेल्या ‘केरळ कोकिळ’ या मासिकात १९०० च्या सुमारास ज्यूल व्हर्नची चंद्रप्रवासाची कादंबरी मराठीतून क्रमशः आली. महाराष्ट्राबाहेर जन्मलेल्या मासिकाने मराठी वाचकाला चंद्राकडे नेले, ही गोष्ट आपल्यासारख्या बाहेर राहणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

मग १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक निघाला आणि आपल्या सणाला वाचनाची जोड मिळाली. विज्ञानकथा आणि गूढकथा पुढे याच अंकांच्या आधाराने वाढल्या. ‘नवल’ आणि ‘धनंजय’ ही नावे तुमच्यापैकी अनेकांना आठवत असतील. भा. रा. भागवतांनी व्हर्नला मुलांच्या घरात आणले आणि फास्टर फेणेलाही जन्म दिला.

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची कथा पहिली आली. लेखक होता नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात ते होते डॉ. जयंत विष्णू नारळीकर. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे त्यांनी उलटी केली होती, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीच्या हस्ताक्षरात पाठवली होती. केंब्रिजमध्ये संशोधन केलेला हा खगोलशास्त्रज्ञ गोष्ट लिहायला मराठीकडे आला. कृष्णविवराजवळ काळ मंदावतो, हे मराठीत सांगता येते की नाही, हा प्रश्न त्या दिवशी निकालात निघाला. २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. २० मे २०२५ रोजी पुण्यात ते गेले.

त्यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा तुम्ही वाचली नसेल तर या दिवाळीत जरूर वाचा. इतिहासाचे एक प्राध्यापक अपघातानंतर वेगळ्याच जगात पोचतात. तिथे पानिपतावर विश्वासरावांना लागणारी गोळी हुकली आहे, आणि त्या एका गोळीने मुंबईपासून दिल्लीपर्यंत सगळे बदलले आहे. समांतर विश्वाची कल्पना पाश्चात्त्य भौतिकशास्त्रातली, पण तिला धार आली ती पानिपतामुळे. ज्याच्या भाषेत ‘पानिपत झाले’ हा वाक्प्रचार आहे, त्यालाच ती पूर्ण कळते.

आता ज्या देशात आपण राहतो तिकडे वळू. डेन हागमध्ये १६२९ साली जन्मलेले क्रिस्तियान हायगेन्स म्हणजे शिवाजी महाराजांचे समकालीन. शनीचा टायटन हा उपग्रह त्यांनी १६५५ मध्ये शोधला. १४ जानेवारी २००५ रोजी त्यांच्याच नावाचे यान टायटनवर उतरले. त्यांच्या मृत्यूनंतर, १६९८ मध्ये, त्यांचे ‘कॉस्मोथेओरॉस’ हे पुस्तक आले. त्यात इतर ग्रहांवरच्या रहिवाशांचा विचार आहे. गुरूला आणि शनीला इतके चंद्र आहेत, म्हणजे तिथल्या खलाशांना आपले स्थान ओळखणे सोपे जात असेल, असे ते मांडतात! डच माणूस परग्रहावर गेला तरी जहाजे बरोबर घेऊन गेला. आपला माणूस पानिपत घेऊन गेला. कल्पना कितीही दूरची असली तरी शिदोरी घरचीच लागते.

फोरबुर्ख स्टेशनच्या अगदी शेजारी हायगेन्स कुटुंबाचे होफवाइक हे घर आहे, आता तिथे संग्रहालय आहे. मुलांना एकदा दाखवून आणा.

डच भाषाही इंग्रजीच्या सावलीत राहणारी, तरी ती दुसऱ्यांची स्वप्ने पटकन आपलीशी करते. टॉल्किनची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ सर्वात आधी ज्या परभाषेत गेली ती डच, १९५६-५७ मध्ये. टॉल्किन स्वतः २८ मार्च १९५८ रोजी रॉटरडॅमला वाचकांबरोबर जेवायला आले होते. अलीकडचे उदाहरण थॉमस ओल्डे ह्यूवेल्ट यांचे. २०१५ मध्ये त्यांच्या कथेला ह्यूगो पुरस्कार मिळाला. अनुवादित लेखनाला मिळालेला तो पहिलाच. त्यांची ‘हेक्स’ ही कादंबरी मुळात नायमेखनजवळच्या बेक गावात घडते. इंग्रजी आवृत्तीसाठी तेच गाव अमेरिकेत हलवले गेले. मला दोन्ही गोष्टींचा विचार करावासा वाटतो: डचमधून जगापर्यंत पोचता येते, पण वाटेत आपले गाव सोडावे लागू शकते.

आणि टोंके ड्राख्त. ‘दे ब्रीफ फोर दे कोनिंग’, म्हणजे राजासाठीचे पत्र, हे १९६२ चे पुस्तक तुमच्या मुलांना शाळेमुळे माहीत असेल. या लेखिकेचा जन्म १९३० चा, बटाव्हियाचा, म्हणजे आजच्या जकार्ताचा. युद्धात जपानी छावणीत बंदिस्त असतानाच त्यांनी लिहायला सुरुवात केली. नंतर त्या नेदरलँड्समध्ये आल्या. १९६९ मध्ये त्यांनी शुक्रावरच्या जंगलाची विज्ञानकादंबरी लिहिली. पृथ्वीवरची माणसे उंच इमारतींत कोंडलेली, आणि नायकाला ओढ त्या निषिद्ध अरण्याची. एका जगात जन्मून दुसऱ्यात वाढलेल्या माणसाला ही ओढ वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

इथे वाढलेल्या तरुण वाचकांनो, हे शेवटचे तुमच्यासाठी. दोन देशांत एकाच वेळी राहणे, एका फोन कॉलमध्ये साडेतीन-साडेचार तास पुढच्या घड्याळात जाऊन येणे, घरी एक नाव आणि शाळेत त्याचा वेगळाच उच्चार, ही विज्ञानकथेची सामग्री तुमच्याजवळ आयतीच आहे. समुद्रसपाटीखालचा देश आणि कोकणची किनारपट्टी, दोन्हींच्या उद्याची चिंता तुम्हाला एकाच वेळी वाटू शकते. ती गोष्ट पुण्यातला लेखक तुमच्याइतकी आतून लिहू शकणार नाही, आणि उट्रेख्तमधलाही नाही.

मराठी मोडकी असली तरी चालेल. मधे डच शब्द आले तरी चालतील. जी भाषा फक्त सणाला बाहेर काढली जाते ती चांदीच्या भांड्यांसारखी काळी पडते. तिला रोजच्या, आणि उद्याच्या, कामाला लावा. आईबाबांनी एका संध्याकाळी नारळीकरांची एक कथा मोठ्याने वाचावी आणि मुलांनी ड्राख्त यांचे एक प्रकरण मराठीत सांगावे. पुढच्या वर्षीच्या अंकात यातून आलेली एखादी गोष्ट वाचायला मिळाली, तर मराठीला उद्या आहे की नाही, यावर वेगळी चर्चा करावी लागणार नाही.