मागचा पिस्टन फिरवावा का लागतो? 🧵

सोलापूरहून तुळजापूरकडे निघाले की वाटेत तामलवाडी लागते. पुढे बालाघाटाचा डोंगर. परतीच्या उतारावर सारा भरवसा ब्रेकवर. त्या ब्रेकचा इतिहास मागच्या चाकातील एका पिस्टनमध्ये दडलेला आहे.

१/ १९०२ : इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. परंतु तांब्याचे अस्तर धुळीच्या रस्त्यांवर झपाट्याने झिजे. कल्पना अर्धशतक मागे पडली.

२/ १९५३ : डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वारने ले मां शर्यत जिंकली. बंदिस्त ड्रम तापला की पकड ढिली पडते. उघडी चकती वाऱ्याने निवते.

३/ सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिची पद्मिनी मात्र चारही चाकांना ड्रम घेऊनच धावली.

४/ मागे डिस्क आली आणि पेच पडला : हँडब्रेक जोडायचा कुठे? एक तोडगा असा, की पिस्टनच्या पोटातच स्क्रू बसवावा. पॅड झिजेल तशी ही जोडणी पिस्टनला पुढे आणून अंतर भरून काढते.

५/ म्हणूनच नवे पॅड बसवताना पुढचा पिस्टन नुसता दाबून आत जातो, असा मागचा मात्र फिरवत न्यावा लागतो. सी-क्लॅम्पने बळ लावल्यास आतली यंत्रणा मोडते. विजेवर चालणारा हँडब्रेक असेल, तर आधी तो सर्व्हिस मोडमध्ये न्यावा लागतो.

६/ गाडी सपाटीवर उभी असताना ही मोडतोड लक्षातही येत नाही. ती कळते चढावर, हँडब्रेक ओढूनही गाडी मागे सरकू लागते तेव्हा.