अंधारातला खून आणि पटावरचा खून

१/ दोन महायुद्धांच्या दरम्यान इंग्लंडमधील मेजवान्यांत एक खेळ फार रंगत असे : लुटुपुटीचा खून. त्यातूनच पुढे ‘क्लूडो’ हा जगप्रसिद्ध खेळ जन्माला आला. पण या स्थित्यंतरात मूळ खेळाचा गाभाच बदलला.

२/ जुन्या खेळाची रीत सोपी होती. राजा-राणी-चोर-शिपाईप्रमाणे चिठ्ठ्या उचलायच्या. एक जण खुनी, एक जण गुप्तहेर. दिवे मालवले की खुन्याने अंधारात कोणाला तरी गाठायचे आणि ‘बळी’ ठरलेल्याने किंकाळी फोडून जमिनीवर पडायचे.

३/ दिवे लागले की उलटतपासणी सुरू. प्रत्येकाने खरेच बोलायचे. खोटे बोलण्याची मुभा केवळ खुन्याला. सारी गंमत त्या एका खोट्यात होती.

४/ हा खेळ इतका परिचित होता, की न्गायो मार्श यांनी १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पहिल्याच कादंबरीत अशा खेळाच्या आडून खरा खून घडवला.

५/ बर्मिंगहॅमचे अँथनी प्रॅट हे पियानोवादक. हॉटेलांतील कार्यक्रमांच्या निमित्ताने त्यांनी असे खेळ पाहिले होते. १९३९ मध्ये युद्ध पेटले, रात्री सक्तीचा अंधार आला आणि मेजवान्या ओसरल्या. प्रॅट रणगाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात काम करू लागले.

६/ याच काळात त्यांनी तो दिवाणखाना घरच्या टेबलावर उतरवला. पटाची रेखाटणी पत्नी एल्वा यांची. १ डिसेंबर १९४४ रोजी पेटंटसाठी अर्ज केला गेला. युद्धोत्तर टंचाईमुळे खेळ बाजारात यायला मात्र १९४९ साल उजाडले.

७/ येथे मूलभूत फरक पडला. क्लूडोत उत्तर पाकिटात बंद असते. आपलीच सोंगटी खुनी आहे, हे खेळणाऱ्यालाही ठाऊक नसते. आणि खोटे तर कोणीच बोलायचे नसते. अभिनयाची जागा तर्काने घेतली.

८/ १९५३ मध्ये प्रॅट यांनी परदेशांतील हक्क ५,००० पौंडांना विकले. पुढे क्लूडोच्या कोट्यवधी प्रती खपल्या. १९९४ मध्ये प्रॅट वारले. दोन वर्षांनी खेळाच्या कंपनीला त्यांचा ठावठिकाणा शोधण्यासाठी जाहीर आवाहन करावे लागले.

९/ खोटे बोलण्याची ती मुभा मात्र पुन्हा अवतरली. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात मॉस्को विद्यापीठात दिमित्री डेव्हिडॉफ यांनी ‘माफिया’ रचला : ना पट, ना सोंगट्या, मिटलेले डोळे हीच रात्र, आणि उजाडल्यावर मित्रांसमोर बेमालूम खोटे बोलणारे काही जण.