वाकळेची कुळकथा

मांजरेच्या अलीकडे मराठी आणि पलीकडे तेलुगू अशी ज्या बिलोली तालुक्याची सरहद्द आहे, त्या मुलुखात जुन्या लुगड्याधोतरांचे थर एकावर एक शिवून केलेल्या पांघरुणाला मराठी घरात वाकळ म्हणतात, नदी ओलांडली की तेच बोंत होते, आणि देगलुरावरून कानडी प्रांतात उतरले की कौदी. पुस्तकी मराठीला गोधडी हे नाव अधिक परिचित. परंतु ती उत्तरेकडील गुदडीची बहीण असल्यामुळे या कुळकथेत तिला पाहुणीचा मान द्यावा, यजमानपद देऊ नये, असे माझे मत आहे.

वाकळ हा शब्द संस्कृत वल्कलाचा वंशज होय. झाडाची साल नेसणाऱ्या तापसांचे ते वस्त्र प्राकृतात वक्कल झाले आणि मराठीत येईपर्यंत त्यातील झाड गळून जाऊन केवळ जाडेभरडेपण व दारिद्र्य शिल्लक उरले. वैराग्याशी असलेले नाते मात्र तुटले नाही. नाथपंथी जोग्यांची कंथा चिंध्यांचीच. आणि त्याहून पुरातन अशा बौद्ध भिक्षूंच्या चीवराची जोडणी मगधातील शेतांच्या बांधांप्रमाणे करावी, असे भगवान बुद्धांनी आनंदास सांगितल्याचा उल्लेख विनयपिटकात आहे. आपल्याकडे गाडगेबाबांना (1876–1956) लोक गोधडेबुवा म्हणत, तेही अंगावरच्या ठिगळांवरूनच.

शेताची ही उपमा मला एका माळवदाच्या घरी पटली. चैत्रात सुगी आटोपून मृगाला अवकाश असतो, त्या दिवसांत सारवलेल्या अंगणात एक अखंड नऊवारी अंथरून चार कोपऱ्यांवर धोंडे ठेवलेले होते. तिच्यावर सदऱ्यांच्या पाठी, धोतरांचे पदर, परकरांचे घेर असे धडुत्यांचे थर पसरून वरून दुसरे लुगडे ताणले होते, आणि एक वृद्ध बाई कडेपासून आत आत धावदोरा घालीत सरकत होती. टाक्यांच्या त्या समांतर ओळी थेट तिफणीच्या तासांसारख्या दिसत. मी हौसेने सुई हाती घेताच ती म्हणाली, “ताणू नगं माय, दोरा ताणला की कापड आकसतंय.” माझी ओळ उसवून तिने पुन्हा घातली.

ज्या काळी सरकारी दफ्तरसुद्धा कापडी रुमालांत बांधून ठेवीत, त्या काळी कापडाला टाकाऊ म्हणण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. लुगडे विरले की त्याची वाकळ, वाकळ झिजली की पायपुसणे. आणि त्यातलाच सर्वांत मऊ, शेकडो वेळा धुतलेला तुकडा निवडून तान्ह्या बाळाचे दुपटे. दोन पदरांचे म्हणून दुपटे, इतका सरळ त्या शब्दाचा जन्म. दिवसा या वाकळांच्या घड्यांची चळत भिंतीलगत रचलेली असे. घरात दुसरे चित्र नाही, तसबीर नाही, तेव्हा त्या रंगीत कडांचीच काय ती शोभा.

पुढे सुती लुगडे मागे पडून नायलॉनच्या साड्या आल्या. त्या सुईखाली सरकतात, घाम टिपीत नाहीत, आणि त्यांची वाकळ धड बसत नाही. उरलीसुरली सुती वस्त्रे बोहारणीने भांड्यांच्या मोबदल्यात नेली. आता शहरांतील प्रदर्शनांत तीच वाकळ भिंतीवर टांगण्यासाठी विकत मिळते. टांगण्यास माझी हरकत नाही, परंतु वाकळ अंगाखाली मळून, धुवून, पुन्हा मळून मऊ होते, आणि खिळ्याला लटकलेली ती शेवटपर्यंत ताठच राहते.

ज्यांच्या घरी आजीचे सुती लुगडे अद्याप पेटीत असेल, त्यांनी ते बोहारणीपुढे टाकण्यापूर्वी वाकळ शिवणारी एखादी बाई गाठावी, आणि मजुरी ठरवताना घासाघीस करू नये.