बिझनेस अकाउंटचा फॉर्म: इतिहासाचं एक साधन

इतिहासाची साधनं म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे दप्तरं, बखरी, ताम्रपट, फार तर गॅझेटियर येतं. पण कष्टकऱ्यांच्या अलीकडच्या इतिहासावर काम करायचं असेल तर एक साधन रोज आपल्या समोर असतं आणि आपण त्याच्याकडे बघत नाही: ऑनलाइन फॉर्म. लंडनमधल्या एखाद्या हॉटेलला शनिवारच्या मेजवानीसाठी बारा वेटर हवेत. हॉटेलचा मॅनेजर शिफ्ट-स्टाफिंग प्लॅटफॉर्मवर बिझनेस अकाउंट उघडतो. कंपनीचा नोंदणी क्रमांक, बिलाचा पत्ता, कामाची जागा, शिफ्टची वेळ, सुट्टीची मिनिटं, ताशी दर, काळा शर्ट-काळी पँट, जागेवर कुणाला भेटायचं... भरलं की झालं. दहा-पंधरा मिनिटांचं काम. या रकान्यांमागे शंभरेक वर्षांची भांडणं आहेत, आणि ती वाचता येतात.

आधी सोपे रकाने. सहा तासांपेक्षा मोठी शिफ्ट टाकली की किमान वीस मिनिटांच्या विश्रांतीचा प्रश्न येतो. तो १९९८च्या वर्किंग टाइम रेग्युलेशन्समधून आलेला आहे. टिप कशी वाटता, हा मुद्दा ऑक्टोबर २०२४ पासून टाळता येत नाही, कारण टिपवाटपाचा २०२३ चा कायदा एजन्सीमार्फत आलेल्या कामगारांनाही लागू आहे. कामगाराची कागदपत्रं कोण तपासणार, हा प्रश्न तर सरळ पैशाचा आहे: काम करण्याचा हक्क नसलेला माणूस ठेवला तर फेब्रुवारी २०२४ पासून पहिल्याच वेळी माणशी ४५,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो.

दराच्या रकान्यात जरा थांबायला हवं. मॅनेजरला दोन आकडे दिसतात, कामगाराला मिळणारा दर आणि हॉटेलला लागणारा दर. दुसरा मोठा. नवखा माणूस म्हणतो, मधलं सगळं प्लॅटफॉर्मने खाल्लं. तसं नाही. एप्रिल २०२५ मध्ये २१ वर्षं आणि त्यावरच्या कामगाराचा किमान दर ताशी १२.२१ पौंड झाला. त्यावर भरपगारी रजेचे १२.०७ टक्के, म्हणजे साधारण १.४७ पौंड. हा विचित्र आकडा कुठून आला? वर्षाचे ५२ आठवडे, त्यातली कायद्याने मिळणारी रजा ५.६ आठवडे, उरले ४६.४, ५.६ भागिले ४६.४. मग मालकाचा नॅशनल इन्शुरन्स, पेन्शन आणि शेवटी प्लॅटफॉर्मचं कमिशन. कामगाराकडून काम शोधून देण्याचे पैसे घ्यायचे नाहीत, हा नियम १९७३च्या एम्प्लॉयमेंट एजन्सीज ॲक्टचा. म्हणून तर सगळा भार दुसऱ्या आकड्यात दिसतो.

किमान दराची कहाणीही हॉटेलांच्या बाहेरून आत आलेली आहे. लंडनच्या गोदीत एके काळी रोज सकाळी फाटकापाशी माणसं उभी राहायची आणि मुकादम बोटाने दाखवेल त्याला काम. आपल्याकडच्या मजूर नाक्यासारखंच. या पद्धतीविरुद्धच्या लढ्यातून पुढे आलेला गोदी कामगारांचा पुढारी अर्नेस्ट बेव्हिन १९४० मध्ये कामगारमंत्री झाला आणि त्याने १९४३ मध्ये केटरिंग वेजेस ॲक्ट आणला. युद्ध ऐन भरात, संयुक्त सरकार, तरी हुजूर पक्षाच्या शंभराहून अधिक खासदारांनी विरोधात मत दिलं! वेटर आणि भांडी घासणाऱ्यांचा पगार सरकारी मंडळाने ठरवावा, हे त्यांना मान्य नव्हतं. ती वेतनमंडळं १९९३ मध्ये मोडीत निघाली आणि १९९९ मध्ये राष्ट्रीय किमान वेतन आलं. मधल्या सहा वर्षांत ब्रिटनमधल्या वेटरला कायद्याने ठरवलेला किमान पगारच नव्हता.

आता माझ्या मते फॉर्ममधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. अकाउंट उघडल्यावर अनेक प्लॅटफॉर्मवर आवडत्या कामगारांची यादी करता येते. काम आवडलं तर नाव यादीत, पुढची शिफ्ट आधी त्यांना दिसते. सोय म्हणून दिलेली ही यादी जुनीच आहे, आणि तिच्यावर एक खटला झालेला आहे: ओ'केली विरुद्ध ट्रस्टहाउस फोर्ट, १९८३.

लंडनच्या पार्क लेनवरच्या ग्रोव्हनर हाउस हॉटेलात मोठमोठ्या मेजवान्या होत. त्यासाठी कायम नोकर थोडे, बाकी हंगामी. या हंगामींमध्ये काहींना ‘रेग्युलर कॅज्युअल’ म्हणत. म्हणजे काय तर, कायम नसलेले पण कायम येणारे! काम आलं की आधी त्यांना विचारायचं. गणवेश हॉटेलचा, हुकूम हॉटेलचा, पगारातून कर कापणारं हॉटेलच. नाही म्हणण्याची मुभा कागदावर होती, पण नाही म्हटलं तर यादीतलं नाव जाण्याची भीती. त्यांच्यापैकी काहींनी युनियनचं काम सुरू केलं आणि त्यांना बोलावणं बंद झालं. ते न्यायाधिकरणाकडे गेले.

प्रश्न एवढाच होता, की हे हॉटेलचे नोकर आहेत का? कारण अन्याय्य बडतर्फीचं संरक्षण फक्त नोकराला. न्यायाधिकरणाने बाजूचे आणि विरुद्धचे मुद्दे मांडले आणि निर्णय दिला, नाहीत. अपील न्यायाधिकरणाने तो फिरवला, कोर्ट ऑफ अपीलने पुन्हा मूळ निर्णय कायम केला. कारण काय? हॉटेलवर काम देण्याचं बंधन नाही, कामगारावर घेण्याचं बंधन नाही. परस्पर बंधन नाही म्हणून नोकरी नाही. यादीतून नाव जाण्याची भीती ही आर्थिक वस्तुस्थिती झाली, ते कायदेशीर बंधन नव्हे.

हे वाचून पुन्हा फॉर्मकडे या. इतके प्रश्न विचारणारा फॉर्म एक प्रश्न कधीच विचारत नाही: याच माणसाला पुढच्या आठवड्यात काम देणार का? न विचारण्यात अर्थ आहे. प्रत्येक शिफ्ट सुटी, प्रत्येक ‘स्वीकारा’चं बटण नवा व्यवहार. १९९८ नंतर कायद्यात नोकर आणि स्वतंत्र व्यावसायिक यांच्या मधला ‘वर्कर’ हा वर्ग ठळक झाला, त्यामुळे किमान वेतन आणि रजेचा पगार आज बऱ्याच जणांना मिळतो. यादीतून नाव गेलं तर दाद कुठे मागायची, हा ग्रोव्हनर हाउसचा प्रश्न मात्र बहुतेकांसाठी होता तिथेच आहे.

याद्या वेगळ्या तऱ्हेनेही करता येतात, आणि त्याचं उदाहरण मुंबईत आहे. हिंदुस्थानातल्या कामगारांसाठी नेमलेल्या व्हिटले आयोगाने १९३१ मध्येच गोदी कामगारांच्या नोंदणीची शिफारस केली होती. ब्रिटनची राष्ट्रीय गोदी योजना १९४७ ची, आपला गोदी कामगार कायदा १९४८ चा, मुंबईची योजना १९५१ ची. त्याच विचाराचा पुढचा टप्पा म्हणजे महाराष्ट्राचा १९६९ चा माथाडी कायदा. तिथेही मालकाला नोंदणी करावी लागते, एका अर्थी ‘अकाउंट’च उघडावं लागतं. पण यादी असते मंडळाकडे. मालक मजुरी आणि वर लेव्ही मंडळाकडे भरतो. कायद्याची अंमलबजावणी कशी झाली यावर वेगळं लिहावं लागेल, तक्रारी कमी नाहीत. तुलनेसाठी प्रश्न एकच धरा: यादीची मालकी कुणाची?

यावर काम करायचं असेल तर दोन-तीन व्यवहारातल्या गोष्टी. फॉर्म आणि अटी गुपचूप बदलतात. तारखेसह प्रत जतन करा. हॉटेलसाठीच्या अटी आणि कामगारासाठीच्या अटी शेजारी ठेवून वाचा, एकाच शिफ्टला दोन्हीकडे काय म्हटलंय ते बघा. आणि कागदावरच्या शब्दावर विसंबू नका. उबरच्या खटल्यात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हेच म्हटलं, की सुरुवात कायद्यापासून आणि प्रत्यक्ष व्यवहारापासून करायची, कंपनीने लिहिलेल्या करारापासून नाही. म्हणजे मुलाखती लागणारच.

राहिला यादीचा पुरावा. ग्रोव्हनर हाउसची यादी आज आपल्याला माहीत आहे ती खटला झाला म्हणून. प्लॅटफॉर्मवरच्या यादीतून कोण कधी वगळलं गेलं, हे कंपनीच्या सर्व्हरवर पडून आहे. ब्रिटनच्या डेटा संरक्षण कायद्यानुसार कामगार स्वतःबद्दलची नोंद मागू शकतो आणि कंपनीने साधारणपणे महिन्याभरात ती द्यायची असते. अर्ज कामगाराने किंवा त्याच्या संमतीनेच करायचा, संशोधकाला त्याच्या परवानगीशिवाय परस्पर मागता येत नाही. तेव्हा मुलाखतीला बसाल तेव्हा अर्जाचा नमुना सोबत ठेवा, आणि मिळालेली नोंद तुम्हाला दाखवायची की नाही हे त्याच्यावर सोडा.