आर्थिक विलगीकरण व बहुराष्ट्रीय कंपन्या
आर्थिक विलगीकरण म्हणजे प्रतिस्पर्धी राष्ट्रांनी परस्परांवरील व्यापार, भांडवल व तंत्रज्ञानविषयक अवलंबित्व हेतुपुरस्सर कमी करण्याची प्रक्रिया होय. २०१८ मधील अमेरिका-चीन आयातशुल्कवाढीनंतर ही संज्ञा रूढ झाली. व्यवहारात मात्र ही फारकत क्वचितच पूर्ण असते. कंपन्या पर्यायी देशात उत्पादन हलवितात किंवा मालमत्ता विकून बाहेर पडतात [→ बहुराष्ट्रीय कंपनी]. अशी विक्रीही राजकीय तणावामुळे अडू शकते. तळेगाव (जि. पुणे) येथील जनरल मोटर्सचा कारखाना घेण्याचा करार चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सने जानेवारी २०२० मध्ये केला; परंतु भारताला भूसीमा लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीस शासनाची पूर्वसंमती आवश्यक ठरविणारा एप्रिल २०२० चा नियम आणि त्यानंतरचा भारत-चीन सैन्यांमधील गलवान संघर्ष यांमुळे मंजुरी रखडून तो करार २०२२ मध्ये संपुष्टात आला, व ऑगस्ट २०२३ मध्ये दक्षिण कोरियाच्या ह्युंदाईने त्या कारखान्यासाठी करार केला [→ थेट परकीय गुंतवणूक].